वेळू : झाड की गवत?



पाडव्याला आपण दारोदार गुढ्या उभारल्या. गुढीची काठी कशाची, असे विचारले तर तुम्ही चटकन 'वेळूची' म्हणाल. पण वेळू हे झाड की गवत, असे विचारताच या सभेत दोन तट पडतील. हा वाद पंडितांपुरताच असता तर आम्ही तुमची संध्याकाळ त्यात खर्ची घातली नसती. त्याने पुष्कळांच्या पोटाला चिमटा घेतलेला आहे.

शास्त्राचा निकाल स्वच्छ आहे. बांबू हे गवत होय. ऊस, ज्वारी, भात ही त्याची भावंडे. आंबा किंवा साग वर्षानुवर्षे जाड होत जातो, कारण सालीखाली नवे लाकूड घालणारा एक थर असतो. बांबूपाशी तो थरच नाही. पावसाळ्यात जमिनीतून कोंब डोके काढतो तेव्हा जेवढा जाड, तेवढाच तो जन्मभर. उंचीही तो तीन-चार महिन्यांत पुरी करतो. ऐन भरात काही जातींचे कोंब दिवसाला हातभर चढतात! पुढची दोन-तीन वर्षे तो वाढत नाही, नुसता पक्का होतो. वाढते ते बेट. जमिनीखालच्या कंदातून दर पावसाळ्यात नवी पिढी उठते. संस्कृतात वेळूला आणि कुळाला 'वंश' हा एकच शब्द आहे, तो कोणी उगीच योजिलेला नाही.

आणि फुलणे? तेही ज्वारीसारखेच. कित्येक जाती आयुष्यात एकदाच फुलतात, बी टाकतात आणि मरतात. मात्र त्या एका फुलोऱ्यासाठी दशके थांबतात. मिझोरममधील एक जात सुमारे 48 वर्षांनी डोंगरच्या डोंगर फुलविते. ते बी खाऊन उंदीर माततात, आणि बी संपले की शेतांवर उतरतात. 1959च्या सुमारास तेथे असाच फुलोरा आला आणि मागोमाग दुष्काळ पडला. पुढचा फुलोरा 2007च्या आसपास, अगदी हिशेबाने, आला.

आपल्याकडे कोकणात माणगा, विदर्भात मानवेल, सह्याद्रीत चिवा आणि काटेरी कळक. यांतूनच आपली सुपे, रोवळ्या, डालगी, कणग्या निघाल्या. पाळण्यापासून तिरडीपर्यंत हा आपली सोबत करतो.

आता भांडणाकडे येऊ. 1927च्या भारतीय वन कायद्यात 'वृक्ष' शब्दाची व्याख्या करताना ताड-माड आणि वेतांच्या पंगतीत बांबूलाही बसविले. झाले! गवत वृक्ष झाले, आणि तोडलेले गवत इमारती लाकूड. स्वतःच्या बांधावरचे बेट तोडून बाजारात न्यायचे, तरी पुष्कळ ठिकाणी पासाची यातायात आली. 2006च्या वन हक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटले, त्यावर वनवासी ग्रामस्थांचा हक्क मानला. पण वाहतुकीचा पास ज्याच्या हाती, माल त्याच्या हाती! गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाने हट्ट सोडला नाही, तेव्हा 2011 साली तेथील ग्रामसभेच्या हाती पासांचे पुस्तक आले. शेवटी 2017 साली व्याख्येतून 'बांबू' हा शब्द काढला. त्याने सुटका झाली ती वनाबाहेर लावलेल्या बांबूची. वनातला बांबू अजून वनोपजच आहे. तरी एक शब्द काढावयास नव्वद वर्षे लागावीत, हे आम्हांस लाजिरवाणे वाटते.

दिरंगाईने काय बिघडते, ते आम्हांला एका वृद्ध बुरुडाने शिकविले. आम्ही त्याला चांगला बांबू कसा ओळखावा म्हणून विचारले. तो म्हणाला, "गुरुजी, टेकायला जून, विणायला कोवळा." मांडववाल्याला तीन-चार वर्षांचा पक्का बांबू हवा, बुरुडाला ओला. ओल असेतो कामटी सरळ उतरते आणि बोटाभोवती वळते. माल पासापायी अडकून वाळला, की तीच कामटी कडकन मोडते. सूप होत नाही, चूल मात्र पेटते.

कायदा बदलल्याची हकीकत आम्ही त्याला सांगितली. बांबू आता सरकारलेखी झाड नाही, हे ऐकून त्याने हातातली सुरी थांबवली.

"म्हंजे इतकी वर्षं झाड होतं व्हय? मग उसाला काय म्हणत होते?"