चाड्यावर मूठ धरण्यापूर्वी



नांगरटी आटोपून ढेकळे उन्हात तापत पडली आहेत, मृगाला जेमतेम तीन आठवडे उरले आहेत, आणि अशा दिवसांत बनावट मालाविषयी बोलण्यास मला पाचारण झाले आहे. खोट्या नावाने विकली जाणारी घड्याळे, साबण, औषधे यांचा परामर्श मी घ्यावा अशी काहींची अपेक्षा असेल. परंतु नांदेडच्या मोंढ्यापासून लातूरच्या बाजारपेठेपर्यंत या पंधरवड्यात ज्या वस्तूसाठी माणसे दूरदूरच्या गावांहून येतात, आणि जिच्यातील फसगत एका कुटुंबाचे सबंध वर्ष गिळून टाकते, ती वस्तू बियाणे होय. म्हणून मी आज तेवढ्यापुरताच बोलणार आहे.

नकली घड्याळ बंद पडले तर गेलेली रक्कम मोजता येते. बियाण्याचे तसे नाही. ते मातीआड गेल्यावर आठवडाभराने, तासे मोकळी दिसू लागली म्हणजे, फसवणूक उघडकीस येते; तोवर पेरणीची मजुरी, खताचा खर्च आणि मुख्य म्हणजे जमिनीतील ओल, जी कोणत्याही दुकानात मिळत नाही, ती निघून गेलेली असते. आपल्या पूर्वजांना या अपराधाचे गांभीर्य ठाऊक होते. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात, बीज नव्हे ते बीज म्हणून विकणाऱ्यास कठोर शारीरदंड सांगितला आहे. तसल्या दंडाचा पुरस्कार आज कोणी करणार नाही, मीही करत नाही. पण 1966 च्या बियाणे कायद्यात पहिल्या अपराधाला जास्तीत जास्त पाचशे रुपये दंड लिहिलेला आहे, हे वाचून मला खेद होतो.

माझ्या लहानपणी आमच्या घरी बियाण्याचा व्यवहार बाजाराशी नव्हताच. उभ्या ज्वारीतील टपोरी कणसे निवडून, वाळवून, राखेत घोळून ती बळदात ठेवली जात, आणि ती निवडण्याचा अधिकार आजीचा असे. पुढे ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली, आणि या पिकाचे दाणे स्वभावतः नाजूक. त्यांचे टरफल पातळ असते. मळणीयंत्र जोरात फिरले, पोत्यांची थप्पी उंच रचली, हमालाने पोते आपटले, तरी आतला अंकुर दुखावतो आणि वरून दाणा पूर्ववत पिवळाधमक दिसतो. डोळ्यांना पारख होऊ नये अशा वस्तूतच लबाडीला वाव असतो.

येथे न्यायबुद्धीने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. 2020 च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा एवढा कल्लोळ उठला की मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. परंतु आदल्या वर्षीच्या काढणीत पावसाने भिजलेले बियाणेही त्याच्या मुळाशी होते. न उगवलेली प्रत्येक पिशवी बनावट नसते. कधी पेरणी खोल जाते, कधी पुरेशी ओल नसताना घाई होते. हा विवेक सोडून आपण ओरडलो तर खरा गुन्हेगार त्या गोंगाटातच निसटतो.

तो गुन्हेगार कोण? आडतीतील खाण्याचा माल चाळून, रंग चढवून, नामांकित कंपनीच्या छापाच्या पिशवीत भरणारा. त्याच्यापासून सावध राहायचे तर आधी पिशवीची चिठ्ठी पाहावी. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळी खूणचिठ्ठी असते, आणि ती देणाऱ्या राज्य बीज प्रमाणीकरण यंत्रणेचे मुख्यालय अकोल्यास आहे. सत्यतादर्शक बियाण्याला हिरवी चिठ्ठी असते, आणि तिच्यावरील मजकुराची हमी उत्पादकाची स्वतःची. लॉट क्रमांक, तपासणीची तारीख, उगवणशक्ती हे सारे तीवर लिहिलेले असते. सोयाबीनसाठी किमान उगवण शेकडा सत्तर ठरली आहे. कापसात, विशेषतः किनवट-माहूरकडे, परवानगी नसलेले तणनाशक-सहनशील वाण बिनपावतीने विकले जाते, आणि घेणारा ते जाणूनबुजून घेतो. त्याची अडचण मला कळते, निंदणीला माणूस मिळत नाही. पण त्या पाकिटामागे दाद मागण्यास कोणीच उभा नसतो, हे त्याने ओळखावे.

माझ्या मते या विषयाचे मर्म उधारीत आहे. ज्या दुकानदाराने गतवर्षीची बाकी थांबवून ठेवली, लेकीच्या लग्नात हात दिला, त्याच्यासमोर पक्की पावती मागणे आपल्या माणसाला अविश्वासाचे, जवळजवळ कृतघ्नपणाचे वाटते. आणि दहा दुकानदार प्रामाणिक असतात म्हणून अकरावा या संकोचावरच आपला धंदा चालवतो. पावती मागणे हा अपमान नव्हे. प्रामाणिक व्यापाऱ्याला तिचे भय वाटण्याचे कारण नाही. आणि पेरणीपूर्वी शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळले, सावलीत ठेवले, ओल राखली, तर आठवडाभरात किती कोंब आले ते घरच्या घरी कळते.

शेतकरी हा बियाण्याचा ग्राहक असून ग्राहक मंचाकडे जाण्याचा त्याला हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये निःसंदिग्ध सांगितले. हक्क मिळाला, पण पुरावा? कंधार तालुक्यातील माझ्या चुलतभावाचे, अण्णांचे, तीन एकर सोयाबीन उगवले नाही, तेव्हा तालुक्याची समिती बांधावर आली, पंचनामा झाला, आणि साहेबांनी पिशवी मागितली. पिशवी उसवून, धुऊन, गच्चीवर कुरडया वाळत घालण्यास अंथरली होती. चिठ्ठी चुलीत गेली होती. पावती मुळातच नव्हती. अण्णा खाली मान घालून उभे राहिले. त्या दिवशी त्यांनी दुकानदाराला एका शब्दानेही दुखवले नाही, आणि दुबार पेरणीसाठी पुन्हा त्याच्याकडूनच उधार आणले.

पुढल्या आषाढात मी गावी गेलो. ओसरीच्या खुंटीला तीन मोकळ्या पिशव्या चिठ्ठ्यांसकट टांगलेल्या होत्या; शेजारी जुन्या लुगड्याच्या चिंधीत बांधलेले मूठभर बियाणे. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, हात लावू नका त्याला. रास घरात येईपर्यंत ते तिथेच राहील."