पुढच्या चाकातील खटखट

मोटारीच्या पुढच्या भागातून खटखट ऐकू येऊ लागली, की मालक गाडी गॅरेजमध्ये नेतो, शॉकअब्सॉर्बरची नवी जोडी बसवून घेतो, आणि परतताना पहिल्याच खड्ड्यात तोच आवाज पुन्हा ऐकतो. हा अनुभव पुष्कळांना येतो. त्यात मेकॅनिकची लबाडी असतेच असे नाही. आवाज कोठून येतो एवढेच विचारले जाते. तो केव्हा येतो, हे विचारायचे राहून जाते. लोखंडातून आवाज दूरवर पसरतो, म्हणून 'कोठून' या प्रश्नाला कान पुष्कळदा चुकीचे उत्तर देतात. 'केव्हा' या प्रश्नाचे उत्तर मात्र सहसा फसवीत नाही.

आजच्या बहुतेक लहान मोटारींच्या पुढच्या चाकांची रचना अर्ल मॅक्फर्सन या अमेरिकन अभियंत्याच्या नावाने ओळखली जाते. इंग्लंडमधील फोर्ड कंपनीने १९५० साली कॉन्सल व झेफर या गाड्यांत ती आणली. भारतात १९८३ साली निघालेल्या मारुती ८०० या गाडीतही तीच होती. हिच्यात स्प्रिंग व शॉकअब्सॉर्बर मिळून एक उभा खांब होतो. त्याचे वरचे टोक बॉनेटखाली रबरी बैठकीवर टेकलेले असते. खाली एक आडवा आर्म असतो. त्याच्या आतल्या टोकाला रबरी बुश आणि चाकाकडच्या टोकाला बॉल जॉइंट असतो. याशिवाय वळणावर गाडी कलू नये म्हणून एक पोलादी दांडी दोन्ही बाजूंना जोडते. कित्येक गाड्यांत ही जोडणी लहानशा लिंक रॉडने केलेली असते.

परीक्षेचा आरंभ चाकाचे नट घट्ट आहेत की नाहीत, हे पाहून करावा. त्यानंतर गतिरोधकावरून गाडी अगदी सावकाश, दोन्ही चाके एकाच वेळी चढतील अशी न्यावी. दोन्ही चाके बरोबर उचलली गेली म्हणजे ती आडवी दांडी पिळली जात नाही. या वेळी गाडी मुकी राहिली, पण एकच चाक खड्ड्यात जाताच खट् असा आवाज आला, तर संशय प्रथम लिंक रॉडवर आणि दांडीच्या रबरांवर घ्यावा. दोन्ही वेळा आवाज आला, तर शॉकअब्सॉर्बर, त्याची वरची बैठक व आर्मचे बुश तपासावे.

गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरविताच बॉनेटखाली आवाज झाला, तर वरच्या बैठकीतील बेअरिंग पाहावे. ब्रेक दाबताना किंवा मागे घेताना एकदाच ठोका पडला, तर आर्मचे बुश ढिले झाले असण्याचा संभव अधिक. खराब रस्त्यावर ब्रेकच्या पेडलवर हलकेच पाय ठेवल्याने खडखड थांबली, तर दोष ब्रेकच्या भागांत असतो. आणि पुरे वळण घेऊन वेग देताना कट्कट् असा आवाज ओळीने येत राहिला, तर तो चाक फिरविणाऱ्या शाफ्टच्या सांध्याचा होय.

यानंतर गाडी उचलावी. केवळ जॅकच्या भरवशावर कोणीही गाडीखाली जाऊ नये. मजबूत स्टँड लावावेत, मागच्या चाकांना उटी द्यावी. चाक डावीउजवीकडून धरून हलविता ढिलाई जाणवली, तर टाय रॉडचे टोक तपासावे. वरखाली धरून हलविता जाणवली, तर चाकाचे बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. बॉल जॉइंटपाशी बोट ठेवून दुसऱ्याने टॉमीने आर्म हलविल्यास त्याची झीज ध्यानात येते.

येथे एक विपरीत गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. झिजलेला लिंक रॉड फार मोठा गलबला करतो, पण त्याने सहसा तत्काळ संकट ओढवत नाही. झिजलेला बॉल जॉइंट मात्र कित्येकदा थोडेच बोलतो. आणि तो निखळला, तर चाक आडवे पडून गाडी चालकाच्या ताब्यात राहत नाही. बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्यात उतरणाऱ्याला हा फरक जिवाच्या मोलाचा ठरू शकतो. बॉल जॉइंट किंवा टाय रॉड ढिला आढळला, तर गाडी तेथेच थांबवावी.

दुरुस्तीतही एक पथ्य आहे. रबरी बुशाचे बोल्ट चाक लोंबत असताना शेवटचे आवळले, तर गाडी खाली उतरताच रबर पिळले जाते आणि अकाली फाटते. ते गाडीचा भार चाकांवर घेऊनच आवळावेत. आर्म किंवा टाय रॉड बदलल्यावर चाकांचे अलाइनमेंटही तपासून घ्यावे, नाहीतर नवे टायर एका कडेने झिजू लागतात.

गाडी गॅरेजमध्ये देताना 'पुढे आवाज येतो' एवढेच सांगून मालकाने निघून जाऊ नये. कोणत्या वेगात, किती चाके खड्ड्यात असता, वळणावर की ब्रेक दाबताना, हे कागदावर लिहून द्यावे आणि मेकॅनिकला शेजारी बसवून त्याच रस्त्यावरून एक फेरी मारावी. अशा अर्ध्या तासाने नव्या शॉकअब्सॉर्बरचा खर्च पुष्कळदा वाचतो आणि न बोलणारा बॉल जॉइंटही वेळेवर सापडतो.