सातपूरच्या रिअ‍ॅक्टरपासून घरच्या चुलीपर्यंत



रसायन अभियांत्रिकीच्या या परिषदेसाठी आपण प्राध्यापक, कारखानदार आणि विद्यार्थी राज्यभरातून नाशिकला आला आहात. रामकुंड, पांडवलेणी आपण पाहालच. मला मात्र आज एका प्राध्यापकांविषयी बोलायचे आहे.

प्रा. ज्येष्ठराज भालचंद्र जोशी मूळचे सातारा जिल्ह्यातल्या मसूरचे. माटुंग्याच्या यूडीसीटीत, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या रसायन तंत्रज्ञान विभागात, शिकले, प्रा. मनमोहन शर्मांकडे १९७७ साली पीएच.डी. झाले आणि पुढे १९९९ ते २००९ त्याच संस्थेचे संचालक होते. १९९१चा भटनागर पुरस्कार, २०१४चे पद्मभूषण आपल्याला ठाऊकच आहे. मला त्याहून मोठा वाटतो तो त्यांनी जन्मभर धरून ठेवलेला विषय.

उंच टाकीत तळातून वायू सोडला की बुडबुडे वर चढतात. मधला द्रव त्यांच्याबरोबर वर जातो आणि भिंतीलगत खाली उतरतो. या फिरण्याचे गणित जोशी आणि शर्मा यांनी १९७९ साली मांडले. नंतर जोशी सरांच्या प्रयोगशाळेत लेसरने द्रवाचा वेग मोजला गेला, संगणकावर प्रवाहांची चित्रे उभी राहिली. टाकी मोठी केली की आतले वागणे बदलते. ते आधी कळले नाही तर कारखान्याचे लाखो रुपये वाया जातात.

नाशिककरांना हा विषय परका नाही. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या रिअ‍ॅक्टरमध्ये तो आहे. दिंडोरीकडच्या वाइनरीत द्राक्षरस आंबताना निघणारा कार्बन डायऑक्साइड टाकी आतून ढवळतो. गोदावरीत सोडण्याआधी सांडपाण्यात हवा फुंकावी लागते, आणि बुडबुडे जितके बारीक, तितका त्यांतला प्राणवायू पाण्यात अधिक विरघळतो, विजेचे बिल उतरते. कुंभमेळा भरवणाऱ्या शहराला याचे मोल वेगळे सांगायला नको.

प्रवाहांची हीच विद्या सरांनी स्वयंपाकघरातही नेली. भांड्याभोवतीची उष्णता कुठे निसटते याचा सहकाऱ्यांसह अभ्यास करून कमी इंधनात अन्न शिजवणारी भांडी घडवली. चुलीपुढे धूर सोसणाऱ्या बाईचा प्रश्न त्यांनी कारखान्याच्या प्रश्नाइतकाच कसोशीने हाताळला, याचा मला फार अभिमान वाटतो.

विद्या अशी प्रत्यक्ष अडचणीपर्यंत पोचावी, म्हणूनच दुपारचे सत्र आम्ही भाषणांविना ठेवले आहे. कारखानदारांनी आपल्या टाक्यांच्या अडचणी आकड्यांसह मांडायच्या आणि प्राध्यापकांनी त्यातली एक तरी आपल्या विद्यार्थ्यांसाठी उचलायची, अशी स्वागत समितीची विनंती आहे.