कोरडवाहू मुलखातील बाग

शिरूर आणि दौंड तालुक्यांतून एप्रिल महिन्यात प्रवास करणाऱ्यास एकाच वाटेवर दोन निराळे मुलूख भेटतात. दौंडमध्ये खडकवासल्याच्या कालव्याखाली आणि शिरूरमध्ये घोड धरणाच्या कालव्याखाली उसाचे हिरवे फड उभे असतात. कालव्याची हद्द ओलांडली की लगेच तांबूस मुरमाड माळ सुरू होतो. त्यावर हिवर, बोर आणि तरवड यांखेरीज फारसे काही दिसत नाही. ज्या जिल्ह्यात लोणावळ्यास वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, त्याच जिल्ह्याच्या या पूर्व भागात तो सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास असतो, आणि तोही वेळेवर येईलच असे नाही. असे असताना या भागातील शासकीय कार्यालये, शाळा व ग्रामपंचायती यांच्या आवारातील बागा मात्र लोणावळ्याच्या हिशेबाने आखलेल्या असतात, ही विचार करण्यासारखी गोष्ट आहे.

येथे जमलेल्या शिक्षकांपैकी अनेकांनी हा अनुभव घेतलेला असेल. जुलैमध्ये मोठ्या उत्साहाने हिरवळ लावली जाते, गुलाबाचे वाफे होतात, कडेला शोभेची रोपे बसतात. दिवाळीपर्यंत सारे ठीक चालते. फेब्रुवारीत विहिरीचे पाणी खाली जाते. मे महिन्यात शाळेला सुटी लागते, पाणी घालणारी मुले घरी जातात, शिक्षक गावी जातात, आणि बागेला पाण्याची सर्वांत अधिक गरज असते नेमक्या त्याच दिवसांत आवारात कोणी नसते. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा वाळलेल्या काड्या उपटून पुन्हा नवी रोपे आणली जातात. काही शाळांत हा क्रम वर्षानुवर्षे चालला आहे. दोष शिक्षकांचा नाही आणि मुलांचा तर नाहीच. दोष आराखड्याचा आहे. मे महिन्यात माणसाशिवाय जगू शकत नाही अशी बाग या भागातील शाळेसाठी आखणे हीच मूळ चूक होय.

पाण्याचा हिशेब

एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर, हे गणित सहावी-सातवीच्या मुलालाही करता येईल. वीस मीटर लांब व पंधरा मीटर रुंद, म्हणजे तीनशे चौरस मीटर हिरवळ धरली, तर उन्हाळ्यात तिला चौरस मीटरमागे निदान पाच लिटर पाणी रोज लागते. हे झाले १,५०० लिटर. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण भागासाठी दरडोई दररोज ५५ लिटर हे प्रमाण ठरविले. त्या हिशेबाने एवढी हिरवळ रोज सत्तावीस माणसांचे पाणी पिते. महिन्याचे ४५,००० लिटर होतात, म्हणजे दहा हजार लिटरच्या टाकीचे साडेचार टँकर. ज्या गावात टँकरची मागणी करणारा ठराव करावा लागतो, त्याच गावाच्या कार्यालयापुढे अशी हिरवळ असणे सभासदांना सभेत समजावून सांगता येण्यासारखे नाही.

याची दुसरी बाजूही पाहावी. याच तीनशे चौरस मीटरवर पाचशे मिलिमीटर पाऊस पडला, तर वर्षाला दीड लाख लिटर पाणी आकाशातून फुकट येते. शेजारच्या इमारतीचे छप्पर दोनशे चौरस मीटरचे असेल आणि त्यावरील पाण्याचा पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले, तरी ऐंशी हजार लिटर हाती राहते. तेव्हा या भागाला वाळवंट म्हणणे चुकीचे ठरेल. पाणी येते, पण चार-दोन जोराच्या सरींत येते आणि गटाराने निघून जाते. म्हणून बागेच्या आखणीत पहिली रेघ रोपांची नसावी, उताराची असावी. जमिनीला अगदी हलका ढाळ देऊन छपराचे व अंगणाचे पाणी झाडाच्या आळ्याकडे वळवावे, उताराला आडवे उथळ चर काढावेत आणि त्या चरांच्या कडेनेच गवत लावावे. पाणलोटाची कामे केलेल्या गावांना यात काही नवे सांगण्याची आवश्यकता नाही. डोंगरावर जे केले तेच अंगणात लहान प्रमाणावर करावयाचे आहे.

मोजकेपणाचे दोन नमुने

थोड्या घटकांची बाग म्हटली की जपानमधील क्योतो शहरातल्या र्योआन्जी मंदिराचे नाव घेतले जाते. तेथे पांढऱ्या खडीवर पंधरा दगड मांडले आहेत आणि बैठकीच्या कोणत्याही जागेवरून पाहिले तरी त्यांतील एखादा दगड दुसऱ्याआड राहतो. दगडांभोवतीचे शेवाळ सोडले तर त्या चौकात दुसरी वनस्पती नाही. मात्र क्योतोला पाऊस भरपूर पडतो. ती बाग कोरडी आहे ती पाण्याच्या टंचाईमुळे नव्हे. टंचाईतून निघालेला विचार अमेरिकेतील आहे. कोलोरॅडो राज्यातील डेन्व्हर शहराच्या पाणीपुरवठा खात्याने १९८१ मध्ये ‘झेरिस्केप’ हा शब्द तयार केला. कोरड्या हवेला मानवणाऱ्या वनस्पती, हिरवळ हवी तेथेच आणि तेवढीच, उघड्या मातीवर आच्छादन, असा त्याचा सर्वसाधारण आशय आहे.

हे दोन्ही नमुने उपयोगी असले, तरी तिसरा नमुना त्यांहून जवळ आहे आणि तो पाहण्यास खर्च येत नाही. दौंडच्या शिवेलगत, बारामती तालुक्यातील सुपे येथे मयूरेश्वर अभयारण्य आहे. १९९७ मध्ये घोषित झालेले हे अभयारण्य जेमतेम पाच-सव्वापाच चौरस किलोमीटरचे आहे. ते चिंकारा हरणांसाठी राखलेले आहे. उघडे गवत, मधूनमधून एखादे काटेरी झाड आणि वर आलेला कातळ, एवढ्यावर तेथील देखावा उभा आहे. अशा माळरानाला सरकारी कागदांत पुष्कळदा ‘पडीक’ म्हटले गेले आणि पडीक म्हणून तेथे गिरिपुष्पासारखी परकी झाडे दाट लावली गेली. वस्तुतः गवताळ माळ ही या मुलखाची पूर्ण वाढलेली सृष्टी आहे. चंडोल, धाविक, लांडगा व चिंकारा यांचे ते घर आहे. बागेचा आराखडा करणाऱ्याने आधी एक सकाळ अशा माळावर काढावी. किती कमी वस्तूंवर डोळ्याचे समाधान होते, हे तेथे कळते.

दगड, माती, झाड

तीनशे चौरस मीटरच्या आवारात एक मोठे झाड पुरे. हिवराची फिकट साल आणि छत्रीसारखा विस्तार कातळाजवळ फार शोभतो; पण त्याला काटे असतात, म्हणून शाळेत तो कोपऱ्यात ठेवून वर्गाच्या पश्चिमेस कडुनिंब लावावा, म्हणजे तिसऱ्या प्रहरी भिंतीवर सावली पडेल. जागा मोठी असेल तर चिंच लावावी. शिरूर तालुक्यातील मोराची चिंचोली हे गाव चिंचेच्या झाडांमुळे व मोरांमुळेच ओळखले जाते. झुडपांत तरवडाला तोड नाही. पिवळ्याधमक फुलांचे हे झुडूप शेळ्या सहसा खात नाहीत, ही गोष्ट कुंपण नसलेल्या आवारात लाखमोलाची आहे. एके काळी कातडी कमावण्यासाठी त्याची साल वापरीत. गवतांत मारवेल, पवना व शेडा घ्यावीत. कुसळी दिसायला सुंदर, परंतु तिचे बी कपड्यात व पायात घुसते; ज्या कुसळाने मराठी म्हणीत जागा मिळविली ते मुलांच्या वाटेवर नसावे.

निवडुंगाविषयी सावधपणे बोलणे आवश्यक आहे, कारण कोरडी बाग म्हणजे निवडुंगांचा संग्रह अशी समजूत रूढ आहे. हरयाणातील पंचकुला येथे १९८७ पासून मोठे निवडुंग उद्यान आहे आणि ते अवश्य पाहावे. परंतु तो संग्रह आहे, गावच्या अंगणाचा नमुना नव्हे. फड्या निवडुंग हा मूळचा अमेरिकेचा. कुंपणासाठी तो पसरला आणि त्याने शेतजमिनी व गायराने गिळली. अखेरीस १९२६ च्या सुमारास श्रीलंकेतून कोचिनील जातीचा कीटक आणून त्याचा बंदोबस्त करावा लागला. तेव्हा छाटलेले कांडे माळावर फेकू नये. शेराचा चीक डोळ्यात गेल्यास गंभीर इजा होते आणि कण्हेर विषारी आहे. या दोहोंना प्राथमिक शाळेत स्थान नाही. कोरफड, घायपात व पांढरा चाफा एवढे घेतले तरी रसाळ वनस्पतींची हौस भागते. माकडशिंगीसारखी येथील रानची वनस्पती मात्र माळावरून उपटून आणू नये. रोपवाटिकेतून मिळाली तरच लावावी.

रसाळ वनस्पती मरतात त्या बहुधा पाणी कमी पडून नव्हे, तर मुळाशी पाणी साचून. काळ्या जमिनीत असे हमखास होते. त्यांच्यासाठी फूटभर उंच वाफा करून त्यात मुरूम, दगडाची कच आणि थोडे कुजलेले शेणखत मिसळावे. येथे नदीची वाळू वापरू नये. भीमा व घोड या नद्यांच्या पात्रांतून वाळू किती उपसली गेली आहे, हे नदीकाठच्या ग्रामस्थांना सांगावयास नको. बागेसाठी त्यात भर घालणे शोभणारे नाही. खडीकेंद्रावरील कच हेच काम करते. मोठे दगड गावच्या विहिरीच्या किंवा रस्त्याच्या खोदाईतून निघालेले घ्यावेत आणि प्रत्येकाचा निदान तिसरा हिस्सा जमिनीत गाडावा, म्हणजे दगड आणून ठेवलेला न वाटता जमिनीतून वर आलेला वाटतो. कुकडीच्या पात्रातील निघोजजवळच्या रांजणखळग्यांचा कातळ ज्याने पाहिला आहे, त्याला हा मुद्दा चटकन पटेल.

दगडाबाबत एक नाजूक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. १९७२ च्या दुष्काळात या भागातील हजारो हातांनी खडी फोडली. गावातील वयोवृद्धांना खडीचे ढीग पाहून सुकडीचे दिवस आठवतात. ‘अंगणात खडी पसरून काय दुष्काळ मांडायचा?’ असे कोणी ग्रामसभेत विचारले तर त्याची थट्टा करू नये. त्याला द्यावयाचे उत्तर आराखड्यातच असले पाहिजे. सबंध अंगण खडीने झाकले तर ते तापते, त्याची झळ खोल्यांत येते आणि देखावाही ओसाड होतो. म्हणून खडी फक्त रोपांच्या बुंध्याभोवती, दोन-तीन इंच जाडीची, ओल टिकविण्यापुरती असावी. तिच्याखाली प्लॅस्टिक अंथरू नये, कारण त्यामुळे पाणी मुरत नाही. उरलेली जागा गवताची व ठोकलेल्या मुरमाच्या पायवाटेची. सिमेंटच्या ठोकळ्यांनी आवार झाकून टाकण्याची जी लाट आली आहे, ती बागेच्या नावावर केलेली बागेची मनाईच आहे.

लोकांची खरी अडचण रंगाची असते. ही बाग वर्षातून चार महिने हिरवी आणि आठ महिने सोनेरी असेल. तपासणीस येणारा अधिकारी जानेवारीत वाळलेले गवत पाहून ‘बाग मेली’ असा शेरा मारील, ही भीती अवास्तव नाही. किती रोपे लावली याचा आकडा विचारण्याऐवजी तिसऱ्या उन्हाळ्यात किती जिवंत आहेत हे विचारण्याची पद्धत तालुका पातळीवर पडली, तर ही भीती आपोआप जाईल. गवत बी झडल्यावर, फेब्रुवारीपूर्वी एकदा कापावे. आगीचा धोका टळतो आणि कडब्याच्या टंचाईत तेवढीच वैरण मिळते.

पहिली दोन वर्षे मात्र पाणी द्यावेच लागते. प्रत्येक झाडा-झुडपाजवळ दहा लिटरचे, न भाजता फुटलेले नव्हे तर चांगले भाजलेले पण झिरपणारे मडके गळ्यापर्यंत पुरून त्यावर झाकण ठेवावे आणि आठवड्यातून एकदा भरावे. बारा रोपांना आठवड्याला १२० लिटर होतात. सुटीतही शाळेजवळ राहणाऱ्या दोन घरांनी आळीपाळीने हे काम करण्यासारखे आहे, आणि तिसऱ्या वर्षापासून तेही लागत नाही.

खड्डे एप्रिल-मेमध्ये खणून उन्हात तापू द्यावेत. झाडे व तरवड पहिला समाधानकारक पाऊस झाल्यावर लावावीत. मारवेलचे ठोंब त्याच आठवड्यात चरांच्या कडेने हातभर अंतरावर बसवावेत. पवना व शेड्याचे बी दिवाळीच्या सुमारास माळावर पिकते. ते मुलांकडून थोडे थोडे गोळा करवून कापडी पिशवीत ठेवावे आणि पुढच्या जूनमध्ये पेरावे. तोवर ती जागा मोकळी दिसेल. तेथे घाईने दुसरे काही लावू नये.