शिलाईची वही

वसंत व्याख्यानमालेत संतसाहित्य, इतिहास, फार तर हृदयविकार. अपघाती मृत्यूनंतर घरच्यांना मिळणाऱ्या भरपाईवर बोलायला वकिलाला बोलावलंत आणि खुर्च्याही भरल्यात. म्हणजे प्रत्येकाच्या ओळखीत असं एखादं घर असणार.

सुरुवात इंग्लंडातून करतो. 1808 सालचा खटला. घोड्यांची प्रवासी गाडी उलटली, नवऱ्याला मुका मार लागला, बायको महिनाभराने गेली. न्यायमूर्ती लॉर्ड एलनबरो म्हणाले, ती जिवंत होती त्या महिन्यापुरतं नुकसान माग, पुढचं नाही. माणसाचा मृत्यू ही दिवाणी कोर्टात दाद मागण्याची गोष्टच नव्हे. म्हणजे गाडीवाल्याने पाय मोडला तर पैसे मोजायचे, जीव घेतला तर सुटला! हे 1846 साली तिथल्या संसदेने बदललं. आपल्याकडे 1855 साली प्राणघातक अपघात कायदा आला. रस्त्यावरच्या अपघातासाठी मात्र आज आपण मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खाली दावा न्यायाधिकरणात जातो.

माझ्याकडे एक बाई आल्या होत्या. नवरा शिंपी, वय 32, ट्रकखाली गेला. मागे बाई, दोन मुलं आणि सासूबाई. सासूबाई पहिल्यांदा हेच म्हणाल्या, "माझ्या लेकराची किंमत करणार होय?" मी म्हटलं, "आजी, किंमत त्याची नाही. तो घरात काय आणत होता, ते मोजायचंय."

आता ते मोजतात कसं बघा. समजा शिंप्याची कमाई महिना 15,000 धरली. स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून पुढच्या वाढीचे 40 टक्के मिळवायचे: 21,000. अवलंबून माणसं चार, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी चौथा हिस्सा वजा: 15,750. वर्षाचे झाले 1,89,000. वय 31 ते 35 असेल तर गुणक 16. एकूण 30,24,000. वरती अंत्यविधी आणि सहवास गमावल्याबद्दलच्या ठरीव रकमा. गुणकाचा तक्ता सर्वोच्च न्यायालयाने 2009 साली सरला वर्मा खटल्यात घालून दिला, वाढीचे टक्के 2017 साली प्रणय सेठी खटल्यात.

पण कमाईचा कागद नसला, आणि कोर्टाने अंदाजाने 8,000 धरले, तर हाच हिशोब 16,12,800 वर येतो. चौदा लाखांचा फरक, आणि तोही एका कागदापायी.

शिंप्याकडे कुठली पगाराची स्लिप? बाईंनी पिशवीतून एक लांबट वही काढली. छाती, कंबर, बाही, आणि पुढे जमा-बाकी. पानांना खडूचे निळे डाग. विमा कंपनीच्या वकिलाने उलटतपासणीत विचारलं, ही वही मागाहून लिहिलेली नाही कशावरून? शेवटच्या पानावर एका गिऱ्हाइकाचं माप होतं, 200 जमा, आणि पुढे काहीच नाही. ते गृहस्थ साक्षीला आले. म्हणाले, "माझा शर्ट अजून कापलेलाच पडलाय." वही निशाणी 21 म्हणून दाखल झाली.

म्हणून दहाव्या-तेराव्याच्या गडबडीतसुद्धा कुणीतरी एकाने डेअरीच्या पावत्या, बँकेचं पासबुक, उधारीची वही सांभाळून ठेवावी. एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, शवविच्छेदन अहवाल यांच्या प्रती घ्याव्यात. आणि लवकर या. सहा महिन्यांत अर्ज करायची अट 1 एप्रिल 2022 पासून पुन्हा आली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलंय, पण आपण त्या भरवशावर बसू नये. दावा राहत्या ठिकाणीही लावता येतो, अपघात नागपूरकडे झाला म्हणून तिकडे खेटे घालायला नकोत. गाडी ठोकर मारून पळाली आणि सापडलीच नाही, तर मृत्यूसाठी सरकारी योजनेतून दोन लाख आहेत. फारच थोडे, पण लोक तेही मागत नाहीत.

आणि गेली ती गृहिणी असेल तर? पूर्वी वकीलसुद्धा अर्जात "काही करत नव्हती" असं लिहून मोकळे व्हायचे. मीही लिहिलंय, कबूल करतो. 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने कीर्ती खटल्यात सरकारी पाहणीचा दाखला दिला: बायका घरकामाला दिवसाची सरासरी 299 मिनिटं देतात, पुरुष 97. या कामालाही उत्पन्न धरायचं आणि वाढीचे टक्केही द्यायचे, असं तिथे ठरलं.

विधवेने पुन्हा लग्न केलं की भरपाई बुडते, ही समजूत तर गावोगाव आहे, आणि तिचा धाक दीर-जावांकडून घातला जातो. मुंबई उच्च न्यायालयाने 2023 साली विमा कंपनीचा असाच युक्तिवाद फेटाळला. नवरा गेला तेव्हा ती बाई 19 वर्षांची होती. भरपाईसाठी तिने जन्मभर विधवा राहावं, अशी अपेक्षा करता येत नाही, असं कोर्टाचं म्हणणं.

आमच्या दाव्याचा निकाल लागला. मुलांचे पैसे मुदत ठेवीत गेले, सज्ञान होईपर्यंत हात लावायचा नाही. काही दिवसांनी बाई परत आल्या, निशाणी 21 परत हवी म्हणाल्या. मी म्हटलं, आठवण म्हणून नक्कल काढून देतो. त्या म्हणाल्या, "आठवण नाही हो वकीलसाहेब. मशीन सुरू केलंय. जुन्या गिऱ्हाइकांची मापं त्यात आहेत."