ओंडक्यांची झोपडी

(शताब्दी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



निवडणुकीचा निकाल लागला की दुसऱ्या दिवशी कोणत्याही वाचनालयाच्या वृत्तपत्र-विभागात एक वाक्य हमखास कानी पडते : ‘खेड्यापाड्यांतल्या लोकांना काय कळते!’ बोलणारे गृहस्थ दुष्ट नसतात. पुष्कळदा त्यांच्याच आजोबांनी नांगर धरलेला असतो. सामान्य वाचकाचे हे वाक्य व्हरांड्यातच विरून जाते. परंतु तेच उमेदवाराच्या तोंडून निघाले आणि खेड्याच्या कानावर गेले, तर काय घडते? याचे दाखले अमेरिकेच्या इतिहासात विपुल आहेत. तेथे या एका सलावर पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ निवडणुका लढविल्या गेल्या आहेत.

१८४० सालची गोष्ट. राष्ट्राध्यक्ष मार्टिन व्हॅन ब्युरेन पुन्हा उभे होते आणि त्यांच्याविरुद्ध व्हिग पक्षाने विल्यम हेन्री हॅरिसन या सदुसष्ट वर्षांच्या जुन्या सेनानीला उतरविले होते. बाल्टिमोरच्या एका विरोधी पत्राने टोमणा मारला, की या म्हाताऱ्याला सफरचंदाच्या आंबवलेल्या रसाचे एक पीप आणि थोडे पेन्शन द्या. ओंडक्यांच्या झोपडीत बसून तो उरलेले आयुष्य खुशाल काढील. टोमणा एका माणसाला होता, पण लागला तो तशा झोपड्यांतून राहणाऱ्या असंख्य कुटुंबांना. व्हिग पुढाऱ्यांनी ही संधी अचूक हेरली. गाड्यांवर झोपड्या बांधून त्या गावोगाव मिरविल्या, त्याच रसाची पिपे लोकांपुढे रिकामी केली. पेनसिल्व्हेनियाचे प्रतिनिधी चार्ल्स ओगल यांनी तर कायदेमंडळात तीन दिवस भाषण करून, राष्ट्राध्यक्षांच्या निवासातील गालिचे, आरसे आणि भोजनाची भांडी यांची जंत्रीच वाचली. तिच्यात अतिशयोक्ती मुबलक होती.

आता वस्तुस्थिती पाहावी. झोपडीवाले म्हणून मिरविलेले हॅरिसन हे व्हर्जिनियातील एका मोठ्या मळ्यावर, विटांच्या प्रशस्त हवेलीत जन्मले होते. त्यांचे वडील १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी एक. उलट ज्यांना विलासी ठरविण्यात आले, ते व्हॅन ब्युरेन एका खाणावळवाल्याचे पुत्र. त्यांचे शालेय शिक्षणही चौदाव्या वर्षाच्या सुमारास संपलेले. हॅरिसन २३४ विरुद्ध ६० निर्वाचक-मतांनी जिंकले. १८३७ पासूनच्या मंदीने लोक गांजले होते, हे त्यामागचे मोठे कारण; झोपडीने त्या गांजणुकीला चेहरा दिला एवढेच. पद स्वीकारल्यावर एका महिन्यात हॅरिसन वारले, आणि पक्षाचे पुढारी राष्ट्रीय बँकेच्या भांडणात गुंतले. झोपडीतल्या माणसाचे नाव त्यानंतर फारसे कुणी घेतले नाही.

तोच प्रयोग नव्या पात्रांनिशी २००८ मध्ये झाला. डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीसाठी बराक ओबामा आणि हिलरी क्लिंटन यांच्यात चुरस होती. ६ एप्रिल रोजी सान फ्रान्सिस्को येथे देणगीदारांच्या खाजगी बैठकीत ओबामांनी पेनसिल्व्हेनियातील लहान गावांविषयी विवेचन केले. त्याचा आशय असा : तेथील रोजगार पंचवीस वर्षांपूर्वीच गेले, नव्या उद्योगांची आश्वासने एकामागून एक सरकारांनी दिली आणि पाळली नाहीत, मग ही माणसे कडवट होतात आणि बंदूक, धर्म किंवा परक्यांविषयीचा राग यांना घट्ट धरून बसतात, यात नवल नाही. पाच दिवसांनी हे प्रसिद्ध झाले आणि गहजब उडाला. क्लिंटन यांनी त्यांना उच्चभ्रू ठरविले आणि दुसऱ्याच दिवशी इंडियानातील एका मद्यगृहात कॅमेऱ्यांसमोर व्हिस्कीचा घोट घेतला. त्याच महिन्यात त्यांनी जाहीर केलेल्या विवरणपत्रांनुसार पतिपत्नींचे आठ वर्षांतील उत्पन्न सुमारे १० कोटी ९० लाख डॉलर होते. ओबामाही या नाटकातून सुटले नव्हते. मार्चअखेरीस याच प्रांतातील अल्टूना गावी सामान्यांचा खेळ म्हणून ते बोलिंग खेळायला गेले आणि ३७ गुणांवर आटोपले. खेळता येत नव्हते, तर जायचे कशाला?

२२ एप्रिलला ओबामा तेथे सुमारे नऊ टक्क्यांनी हरले. नोव्हेंबरमध्ये मात्र त्याच प्रांताने त्यांना सुमारे दहा टक्क्यांच्या आघाडीने निवडून दिले. म्हणजे मतदार एका वाक्यावर मत ठरवितो, हा समजही त्याला कमी लेखणाराच म्हटला पाहिजे.

वस्तुतः ओबामांच्या विवेचनाचा पूर्वार्ध खरा होता आणि त्यात सहानुभूतीही होती. मग ते एवढे झोंबले का? २०१२ मध्ये मिट रॉम्नी ‘४७ टक्के’ जनतेला परावलंबी म्हणाले. २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांनी प्रतिस्पर्ध्याच्या निम्म्या समर्थकांना तिरस्करणीयांच्या टोपलीत टाकले. तिन्ही उद्गारांत एक गोष्ट समान आहे. ते त्या लोकांसमोर काढलेले नव्हते. पैसे देणाऱ्यांच्या मेळाव्यांत, त्यांच्याविषयी काढलेले होते. आजाऱ्याच्या उशाशी बसून वैद्याने सांगितलेले निदान कडू असले तरी माणूस ऐकून घेतो. तेच शेजारच्या दिवाणखान्यात हलक्या आवाजात चाललेले कानी आले की त्याला अपमान वाटतो. २०१६ मध्ये ती शिवी लोकांनी सदऱ्यांवर छापून मिरविली आणि न्यूयॉर्कच्या सोनेरी मनोऱ्यात राहणाऱ्या धनिकाला आपला माणूस मानले. हॅरिसनच्या हवेलीची आठवण येथे कोणाला होणार नाही?

तोंडावर बोलण्याचा अनुभव आपल्या भागालाही आहे. निपाणी येथून दूर नाही. १९८१ च्या तेथील तंबाखू आंदोलनाचे नेते शरद जोशी हे जन्माने ब्राह्मण, टपाल खात्यातील वरिष्ठ अधिकारी आणि स्वित्झर्लंडमध्ये आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेत नोकरी करून आलेले. उच्चभ्रू ठरायला याहून अधिक काय हवे? आंबेठाणच्या कोरडवाहू जमिनीत त्यांनी स्वतः शेती केली, तिचा तोटा मांडला आणि तो हिशोब शेतकऱ्यांपुढेच ठेवला. पँट-शर्टातच ते सभेला उभे राहत. शेतकऱ्याचे सोंग त्यांनी आणले नाही. ‘इंडिया’ आणि ‘भारत’ ही त्यांची विभागणी प्रसिद्ध आहे. परंतु ‘भारता’ची त्यांनी खुशामतही केली नाही. चांदवडच्या १९८६ च्या महिला अधिवेशनानंतर काही वर्षांनी लक्ष्मीमुक्तीची हाक देऊन त्यांनी शेतकऱ्याला भर सभेत सांगितले, की तुझ्या घरातही एक शोषित आहे, जमिनीचा तुकडा तिच्या नावावर कर. हजारोंनी सात-बारावर बायकोचे नाव चढविले.

याच जोशींना विधानसभा किंवा लोकसभा निवडणुकीत कधी यश आले नाही. २००४ मध्ये ते संसदेत गेले, ते राज्यसभेच्या वाटेने. सभेला येणारा शेतकरी मतदानाच्या दिवशी वेगळा हिशोब करीत होता. तो कोणता, यावर चळवळीतील माणसे पुढे अनेक वर्षे वाद घालीत राहिली.