हवेतील बटण
(वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



चिटणिसांच्या आग्रहावरून मी माझ्या व्यवसायाविषयी चार शब्द बोलणार आहे. आभासी वास्तवातील बटणे व फलक रचणे, हा तो व्यवसाय. गतवर्षी आमच्या मातोश्रींच्या डोळ्यांवर मी हेडसेट चढविला. समोर जुन्या छायाचित्रांच्या दालनाचे बटण हवेत तरंगत होते. त्यांनी बोट पुढे केले; ते आरपार गेले. बटण तसूभरही हलले नाही. आज्ञा पोहोचली होती, परंतु दालन उघडण्यास क्षणभर अवकाश होता. त्यांनी पुन्हा दाबले, आणि नुकतेच उघडलेले दालन मिटून गेले. “माझ्या हातून काही बिघडलं का रे?” असे त्यांनी विचारले, तेव्हा मी ओशाळलो. बटण माझेच होते.

घरातील दिव्याचे बटण बोटाला अडविते, ‘खट्’ असे वाजते. हवेतील बटणाला अंगच नाही. स्पर्शाची ही उणीव डोळ्यांकरवी भरून काढणे, हे ॲनिमेशनचे काम. मायक्रोसॉफ्टच्या २०१९ मधील ‘होलोलेन्स २’ या उपकरणात बोट बटणाजवळ जाऊ लागले की बोटाच्या टोकावरील कडे लहान होत जाते. अंतर किती उरले ते त्यावरून उमगते. पुढे बटण बोटाबरोबर आत दबते.

डिस्नेचे चित्रकार फ्रँक थॉमस व ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात ॲनिमेशनची बारा तत्त्वे सांगितली; आकृतीचे दबणे व ताणणे हे त्यांतील पहिले. आम्ही तेच उसने घेतो, मात्र हात राखून. प्रतिसाद एक दशांश सेकंदाच्या आत दिसला, तरच तो आपल्या बोटाने घडला असे वाटते. उड्या मारणारे बटण पाहण्यास गोड, वापरण्यास कंटाळवाणे! (आमच्या तरुण सहकाऱ्यांना हे पटत नाही.)

आणखी एक पथ्य आहे. हलवावे ते बटण. पाहणाऱ्याभोवतीचे सारे जग हलवू नये. घाटात एस. टी.मध्ये वाचत बसले म्हणजे मळमळते, कारण कानातील तोलाचे इंद्रिय हालचाल सांगते आणि डोळे स्थिर पानावर असतात. येथे प्रकार उलटा: डोळे धावतात, देह खुर्चीत असतो.

मी ते बटण पुन्हा रचले. ते आता दबते, उजळते, आणि वर येईपर्यंत दुसरी आज्ञा घेत नाही. दिवाळीत मातोश्रींनी ते दाबले. बटण आत गेलेले पाहून त्यांनी बोट मागे घेतले, आणि दालन उघडेपर्यंत त्या स्वस्थ थांबल्या.